उभ्याने काढलेली दिवाळी

साडी उलगडायला मनगटाचा एक झटका पुरतो. पदर गिऱ्हाइकाच्या समोर, काठ उजेडात आणि बाकीचं कापड लाटेसारखं काउंटरभर, असा तो झटका बसायला हवा. नव्या मुलीचा हात त्यावर बसेपर्यंत बरेच महिने जातात. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. साडेपाच मीटर कापड, ब्लाउजपीस धरला तर सहाच्या वर. काठाला काठ जुळवून, जर दुमडू न देता ते पुन्हा पहिल्या घडीवर आणायचं आणि त्याच कप्प्यात, त्याच रंगाच्या रांगेत ठेवायचं. गिऱ्हाइकाने एक घेतली काय किंवा एकही न घेतली काय, मागे उरणारा ढीग जवळपास तेवढाच असतो.

दादर पश्चिमेच्या साड्यांच्या दुकानांत घटस्थापनेपासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत हे ढीग दिवसभर पडत आणि उपसले जात असतात. “ताई, यातच जरा गडद दाखवा ना,” असं कुणी म्हटलं की विक्रेती टाचा उंचावते, वरच्या कप्प्यातला गठ्ठा खाली घेते, पाच साड्या पसरते आणि सहावी उलगडता उलगडता पुढच्या बाईला “या वहिनी, काय दाखवू?” म्हणते. सायंकाळी सहानंतर काउंटरसमोर तीन रांगा लागतात. पाणी प्यायची बाटली पायाशी असते, पण ती फारशी उघडली जात नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं तर काउंटर कुणाच्या तरी हवाली करावा लागतो.

सण पूर्वीही होते आणि खरेदीही होती. वाढली ती सणाच्या नावाने विकायच्या दिवसांची संख्या. नवरात्राचे नऊ रंग आता आजीच्या काळापासून चालत आलेले वाटतात. प्रत्यक्षात या शतकाच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र टाइम्स’ने रोजचा रंग छापायला आणि त्या रंगात नटलेल्या वाचकांचे फोटो प्रसिद्ध करायला सुरुवात केली, त्यानंतर ही चाल लोकल, बँका, शाळा आणि सरकारी कार्यालयांपर्यंत पोहोचली. बायकांनी त्यात मनापासून आनंद घेतला, हे नाकारण्यात अर्थ नाही. रोजच्या धबडग्यात एकत्र सजण्याचं निमित्त त्यांना मिळालं. मात्र दुकानाच्या आतून पाहिलं तर नऊ दिवसांचा हंगाम नऊ वेगवेगळ्या धांदलींत विभागला गेला. करड्या रंगाच्या आदल्या संध्याकाळी करडीच साडी हवी असते, आणि तिच्यासाठी सगळी मांडणी मोडावी लागते.

त्यात ऑक्टोबर 2014 मध्ये फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ आणला. तेव्हापासून दसरा-दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन सवलतींचा आठवडा ठरलेलाच असतो. गिऱ्हाईक फोनवर भाव दाखवतं आणि विक्रेतीकडे उत्तर मागतं. भाव ठरवणं तिच्या हातात नाही, पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर महिन्याचं टार्गेट तिचं हुकतं. मालकही अडचणीत असतो, म्हणून शटर रात्री उशिरापर्यंत वर राहतं. कल्याण-बदलापूरकडे राहणाऱ्या मुलीच्या दृष्टीने त्या वाढीव वेळेचा अर्थ सरळ असतो: कोणती लोकल चुकणार?

जुन्या पेढीत गादी असायची. पांढऱ्या चादरीची, लोडांची. गिऱ्हाईक गादीवर बसे, दाखवणाराही मांडी घालून बसे, आणि माल देणारा पोऱ्या तेवढा मागे उभा असे. तिथेही दिवस मोठा होता आणि पगार लहान. पण बसायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. काचेचा काउंटर आला, मजले आले, गणवेश आले, आणि दाखवणारं माणूस उभं राहिलं. आता स्टूल असला तरी तो गिऱ्हाइकासाठी असतो. कामगाराने त्यावर टेकणं म्हणजे कामात लक्ष नसणं, असं धरलं जातं. पायांना सूज, पोटरीत गाठाळलेल्या शिरा, कंबरदुखी हे या धंद्यातल्या बायकांच्या बोलण्यात इतकं सहज येतं की त्याला कुणी आजार म्हणत नाही.

ही गोष्ट बदलता येते, याचं उदाहरण केरळमध्ये आहे. कोळिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत शिलाईकाम करणाऱ्या पी. विजी यांनी दुकानांतल्या बायकांना ‘पेण्कूट्ट’ या संघटनेत आणलं. पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती, कारण दिवसभर पाणी न पिता उभ्या राहणाऱ्या बायकांना मूत्रमार्गाचे विकार जडत होते. मग बसण्याची मागणी आली. त्रिशूरमध्ये साडीच्या दुकानातल्या मोजक्या विक्रेत्यांनी त्यासाठी शंभराहून अधिक दिवस धरणं धरलं. 2018 मध्ये केरळने कायदा बदलून दुकानात कामगारांना बसण्याची सोय देणं बंधनकारक केलं, 2021 मध्ये तमिळनाडूने तेच केलं. ब्रिटनमध्ये दर तीन स्त्री-विक्रेत्यांमागे निदान एक आसन देण्याचा कायदा 1899 सालीच झाला होता. खुर्ची मागणं ही आजकालची नाजूक तक्रार नव्हे.

महाराष्ट्रात 1948 च्या कायद्याने दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागे. दादरचा सोमवार त्यातलाच. सणांच्या निमित्ताने या अटी स्थगित करण्याची मुभा सरकारला तेव्हाही होती, पण हंगाम संपला की सोमवार परत यायचा. डिसेंबर 2017 मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाचे 365 दिवस दुकान उघडं ठेवता येतं. माणसाला आठवड्याची सुट्टी, दिवसाला मुळात 9 तास, जादा कामाला दुप्पट पगार आणि वर्षाला 8 पगारी सणाच्या सुट्ट्या त्यात आहेत. त्यांपैकी 4 राष्ट्रीय दिवसांच्या व महाराष्ट्र दिनाच्या ठरलेल्या, उरलेल्या 4 मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. पण हा कायदा मुळातच मुख्यतः 10 किंवा अधिक कामगारांच्या दुकानांपुरता होता. गल्लीतल्या चार-पाच जणांच्या दुकानात हंगामापुरती लागलेली मुलगी त्याच्या बाहेरच राहते. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दिवसाचे तास 9 वरून 10 करायला आणि ही मर्यादा 20 कामगारांवर न्यायला मान्यता दिली. दिवसभर बसून काम करणाऱ्यांना एक तास किरकोळ वाटेल. उभ्या माणसाचा दहावा तास पहिल्या तासाएवढा नसतो.

जादा कामाचे पैसे चोख मिळाले तरी एक हिशेब उरतोच. फराळ आदल्या रात्री उरकता येतो, लक्ष्मीपूजन दुकानातलं उरकून घरी पोहोचेपर्यंत शेजारच्यांचं आटोपलेलं असतं, पण भाऊबीज त्याच दिवशी असते. त्या दिवशी दुकान उघडं असेल तर बदली सुट्टी पुढच्या बुधवारी मिळते, आणि बुधवारी भाऊ कामावर असतो. म्हणून या मुली मोठ्या रकमेच्या बोनसपेक्षा आधी यादी विचारतात: पाडव्याला कोण, भाऊबीजेला कोण, आणि मागच्या वर्षी जी थांबली तिला यंदा सोडणार का. काही दुकानं ही यादी दसऱ्यालाच भिंतीवर लावतात. त्याला खर्च काहीच येत नाही, आणि लोकांना गावचं तिकीट काढता येतं. जिथे ती लावत नाहीत, तिथे आदल्या रात्री घडी घालता घालता कळतं.

पाडव्यानंतर दोन दिवस रंग बदलून घ्यायला येणाऱ्यांचे. मग तुळशीचं लग्न, आणि लगेच बस्ता बांधायला येणारी घरं. वीस माणसं सकाळी येतात आणि संध्याकाळपर्यंत बसून असतात.