फलकावरचे आरोग्य

खोपोली-खालापूरच्या औद्योगिक पट्ट्यात मोठ्या कारखान्याचे फाटक ओलांडले, की घोषवाक्यांच्या शेजारी एक फलक सहसा दिसतो. ‘अपघातविरहित दिवस’ हे शब्द कायमचे रंगवलेले, पुढचा आकडा रोज बदलणारा. कर्जतहून पहाटेच्या लोकलने येऊन पाळीवर जाणारा कामगार त्याकडे पाहतोच असे नाही. पाहुणे व तपासणीचे अधिकारी मात्र आवर्जून पाहतात. अलीकडे त्याच्या जोडीला कर्मचाऱ्यांचे ‘स्वास्थ्य’ दाखविणारे रंगीत तक्ते आणि हसरे-रडवे चेहरे येऊ लागले आहेत. हेतू चांगला आहे. परंतु हा फलक कोणाचे आरोग्य कोणाला दाखवितो, हे तपासून पाहिले पाहिजे.

अपघातविरहित दिवसांचा आकडा कसा तयार होतो, हे प्रथम पाहावे. 1948 च्या कारखाने अधिनियमाखाली ज्या इजेमुळे कामगार 48 तास वा अधिक काळ काम करू शकत नसे, ती संबंधित अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक होते. म्हणजे बोट चेचलेला माणूस घरी राहिला तर अपघात. दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून त्याला आणविले, स्टोअरमध्ये खुर्चीवर बसविले व मस्टरवर सही घेतली, की कागदोपत्री काही घडलेच नाही! शिवाय दोनशे दिवस साठलेला आकडा आपल्यापायी शून्यावर यावा, सगळ्या पाळीचे बक्षीस बुडावे, असे कोणत्या फिटरला वाटेल? तो बोटाला पट्टी बांधतो आणि गप्प राहतो. कंत्राटदाराकडचा हमाल तर पुष्कळदा या मोजदादीत धरलाच जात नाही. एखाद्या मापावर नियंत्रणाचा भार टाकला की ते माप भरवशाचे उरत नाही, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात सांगितले होते. ते कारखान्याच्या फाटकालाही लागू पडते.

या फलकाचा एक पूर्वज स्कॉटलंडमध्ये सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत रॉबर्ट ओवेनने प्रत्येक कामगारापाशी चार बाजूंना चार रंग दिलेला लाकडी ठोकळा टांगला. काळा म्हणजे वाईट वर्तन, निळा बेताचे, पिवळा चांगले, पांढरा उत्तम. आदल्या दिवसाच्या वर्तनाप्रमाणे मुकादम तो फिरवी. ओवेन हा त्या काळच्या मानाने दयाळू मालक. दहा वर्षांखालील मुलांना तो गिरणीत घेत नसे, मुकादमाच्या निवाड्यावर त्याच्याकडे दादही मागता येई. तरीही गिरणीतली धूळ आणि कामाचे तास यांच्यासाठी त्या ठोकळ्यावर रंग नव्हता.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची 1858 मधील आकृती नेमकी याच्या उलट आहे. क्रिमियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ब्रिटिश सैनिकांचे महिनावार आकडे त्यांनी पाकळ्यांसारखे मांडले. टाळता येण्याजोग्या रोगांचे बळी निळ्या रंगात, जखमांचे लाल रंगात. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा रोगराईने कितीतरी अधिक माणसे नेली, हे आकडेमोडीचा कंटाळा असलेल्या मंत्र्यालाही एका दृष्टिक्षेपात कळावे! तेथे सैनिकाच्या वागणुकीची नव्हे, तर सैन्याच्या व्यवस्थेची तपासणी होती.

आपल्या कायद्यालाही फलकाचे महत्त्व ठाऊक होते. 1948 च्या अधिनियमाच्या 108 व्या कलमाने कायद्याचा गोषवारा इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावण्यास फर्माविले होते. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1987 च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तथापि काचेमागे पिवळा पडलेला, बारीक टाइपातला कागद म्हणजे माहिती नव्हे. ज्या खात्यात उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर आणि कातकरी वाडीवरची माणसे शेजारी-शेजारी राबतात, तेथे बहुसंख्यांची भाषा तरी कोणती? चित्राची खरी गरज येथे आहे.

ते चित्र कामाच्या परिस्थितीचे असावे. भट्टीपाशी दुपारी उष्णता किती होती, कोणत्या यंत्राचा आवाज किती, या आठवड्यात कितीजणांना लागोपाठ दोन पाळ्या कराव्या लागल्या, पंखा, पाणी, हातमोजे यांच्याविषयी किती तक्रारी आल्या आणि त्या कोणत्या तारखेला मिटल्या. नाव कोणाचेही नको. कंत्राटी माणसे मात्र मोजलेली हवीत. हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची रीत एखाद्या लहान संगणक-कचेरीत चालत असेल. मुकादमाच्या देखत रोजंदारीचा माणूस रडवा चेहरा लावणार नाही. असा फलक म्हणजे युनियनच्या हाती कोलीत देणे होय, अशी भीती व्यवस्थापकांना वाटेल. किरकोळ इजांचा आकडा आरंभी वाढेलही, कारण झाकलेले बाहेर येईल. पण झाकलेल्या इजेचा खर्च काही टळत नाही. तो फक्त कामगाराच्या घरच्या हिशेबात जातो.

अशा फलकाचा नमुना पाहण्यासाठी न्यू लॅनार्कला जाण्याचे कारण नाही. कर्जत तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शालेय पोषण आहाराचा वारवार तक्ता भिंतीवर असतो. नुकते वाचू लागलेले दुसरीतले पोर त्या तक्त्यावरचा वार पाहते, मग ताटाकडे पाहते, आणि दोहोंत फरक दिसला तर बाईंना विचारते.