मोतीबिंदु व रोग्याची शुश्रूषा

‘मोतीबिंदु अजून कच्चा आहे; पिकूं द्या, मग पाहूं,’ हें वाक्य आपल्याकडे घरोघरीं ऐकूं येतें. सांगणारा कळकळीनें सांगतो, ऐकणारा निमूटपणें मान्य करतो, आणि आजी-आजोबांचीं आणखी दोन-चार वर्षें अंधुक उजेडांत जातात. हा सल्ला एके काळीं योग्य होता. आज तो योग्य राहिलेला नाहीं. असें कां झालें हें आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस समजावून सांगावें, व रोग्याची शुश्रूषा कशी करावी याविषयीं थोडें लिहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम डोळ्याची रचना पाहूं. बुबुळाच्या मध्यभागीं जें काळें छिद्र दिसतें ती बाहुली. तिच्या लगेच मागें मसुरीच्या दाण्यासारखें, दोन्ही बाजूंस फुगीर, सुमारें १० मिलिमीटर रुंद असें एक पारदर्शक भिंग असतें. प्रकाशकिरण एकत्र करून मागील पडद्यावर स्पष्ट चित्र उमटविण्यास तें साहाय्य करतें. हें भिंग मुख्यतः पाणी व प्रथिनें यांचें बनलेलें असून प्रथिनांची मांडणी व्यवस्थित असते म्हणूनच तें स्वच्छ राहतें. वय वाढतें तशीं हीं प्रथिनें बिघडून एकमेकांस चिकटतात आणि भिंग गढूळ होऊं लागतें. अंड्यांतील पातळ, पारदर्शक भाग शिजतांच पांढरा होतो. कांहींसा तसाच प्रकार येथें, परंतु अत्यंत सावकाश, घडत असतो. तेव्हां मोतीबिंदु म्हणजे डोळ्यावर बाहेरून वाढणारा पडदा नव्हे. आपलेंच भिंग गढूळ झालेलें असतें. म्हणूनच कोणत्याहि अंजनानें, मधानें किंवा औषधी थेंबांनीं तो विरघळत नाहीं.

वार्धक्य हें त्याचें मुख्य कारण होय. मधुमेह, डोळ्यास लागलेला मार, धूम्रपान आणि स्टेरॉइड जातीच्या औषधांचें दीर्घकाळ सेवन यांमुळें तो लवकरहि येतो. कांहीं बालकांस तो जन्मतःच असतो. त्यांच्या बाबतींत तर एक महिन्याचा विलंबहि घातक ठरूं शकतो, कारण पाहण्याची संवय मेंदूला त्याच कोवळ्या वयांत लागावयाची असते.

हा विकार दुखत नाहीं, म्हणून तो लक्षांत येत नाहीं. नजरेपुढें धुकें वाटतें, रात्रीं दिव्यांभोवती तेजाचीं वलयें दिसतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो, रंग फिके व पिवळट भासतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांस १९१२ सालीं मोतीबिंदु असल्याचें कळलें. पण भीतीमुळें त्यांनीं शस्त्रक्रिया १९२३ पर्यंत लांबविली. ज्याचें सारें आयुष्य रंगांवर चाललें, त्यास मधल्या काळांत रंगच ओळखूं येईनासे झाले होते.

आतां ‘पिकूं द्या’ या सल्ल्याकडे वळूं. गढूळ भिंग शलाकेनें बाजूस सारण्याची रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेंत लिंगनाश या विकारावर शलाकेच्या उपचाराचें वर्णन आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील जाक दाव्हिएल यानें भिंग डोळ्यांतून बाहेर काढण्याची पद्धति प्रचारांत आणली. परंतु अर्धवट गढूळ भिंग काढूं गेल्यास त्याचा चिकट भाग आंतच राहून जाई. शिवाय भिंग गेल्यावर जाड चष्मा लावावा लागे, व त्यांतून वस्तु सुमारें पाव हिश्शानें मोठ्या दिसत. अशा स्थितींत दृष्टि अगदींच मंद होईपर्यंत थांबणें शहाणपणाचें होतें.

पुढें काळ पालटला. पर्स्पेक्सच्या तावदानाचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनहि फारसा दाह होत नाहीं, हें इंग्लंडचे हॅरोल्ड रिडली यांनीं दुसऱ्या महायुद्धांत पाहिलें, आणि १९४९ सालीं त्याच पदार्थाचें कृत्रिम भिंग डोळ्यांत बसविलें. १९६७ सालीं अमेरिकेचे चार्ल्स केलमन यांनीं सूक्ष्म ध्वनिलहरींनीं भिंग फोडून लहानशा छेदांतून शोषून घेण्याची युक्ति काढली. आपल्या देशांत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनीं १९७६ सालीं मदुराई येथें अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केलें. १९९२ पासून त्याच परिवारांतील संस्था स्वस्त कृत्रिम भिंगें तयार करूं लागली. आज ही शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या तासाच्या आंत होते, डोळाच तेवढा बधिर करतात, आणि रोगी बहुतेक त्याच दिवशीं घरीं जातो. अनेक सरकारी व धर्मादाय रुग्णालयांत ती मोफतहि होते.

तरीसुद्धां २०१५ ते २०१९ या काळांत झालेल्या राष्ट्रीय पाहणींत, ५० वर्षांवरील लोकांच्या अंधत्वापैकीं सुमारें ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळेंच असल्याचें आढळलें. फळ पिकलें म्हणजे गोड होतें. मोतीबिंदु पिकला म्हणजे कठीण होतो व शस्त्रक्रिया अवघड करतो. अति पिकल्यास डोळ्यांतील दाब वाढून मज्जातंतूस इजा होते, आणि गेलेली ती दृष्टि परत येत नाहीं. म्हणून दैनंदिन कामांत अडचण येऊं लागतांच नेत्रवैद्याकडे जावें. काचबिंदूचेंहि निदान तेथेंच होतें. दोन्ही नांवें सारखीं वाटलीं तरी विकार अगदीं भिन्न आहेत.

शस्त्रक्रिया होईपर्यंत रोग्याच्या वाटेंतील सामान हलवूं नये. पायऱ्यांच्या कडेस चुन्याची पांढरी रेघ ओढावी. जवळ जातांना आपलें नांव सांगावें, आणि हात धरून ओढण्याऐवजीं आपलें कोपर त्यांच्या हातीं द्यावें.

शस्त्रक्रियेनंतर थेंब घालण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे. बाटलीचें टोंक डोळ्यास लागूं देऊं नये. बरें वाटलें तरी वैद्यानें सांगितलेल्या मुदतीपर्यंत थेंब चालू ठेवावे. डोळा चोळूं देऊं नये. चुलीचा धूर, धूळ, डोक्यावरून स्नान व जड ओझें वैद्य सांगेपर्यंत वर्ज्य करावें. रात्रीं डोळ्यावर संरक्षक झांकण लावावें. वेदना किंवा लाली वाढली, पू आला अथवा दृष्टि कमी होऊं लागली, तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. पुढें कांहीं महिन्यांनीं वा वर्षांनीं पुन्हां अंधुक दिसूं लागल्यास ‘मोतीबिंदु परत आला’ असें समजूं नये. कृत्रिम भिंगामागील पातळ आवरण धूसर होतें, व तें लेसर किरणांनीं थोड्या वेळांत मोकळें करतां येतें.

विद्यार्थिमित्रहो, वडील माणसें आपली अडचण सहसा बोलून दाखवीत नाहींत. मुलांवर खर्चाचा भार नको, असें त्यांस वाटतें. येत्या सुटींत घरीं जाल तेव्हां आजी-आजोबांस एक-एक डोळा तळहातानें झांकून भिंतीवरील दिनदर्शिका वाचावयास सांगा. एका डोळ्यानें दिसतें म्हणून दुसऱ्याचा दोष कित्येकदां झांकला जातो. अक्षरें अस्पष्ट दिसत असतील, तर ‘पिकूं द्या’ म्हणणाऱ्यांस या लेखांतील माहिती सांगा, आणि रुग्णालयापर्यंत त्यांच्यासोबत स्वतः जा.