कोसेकी आणि आपलं जनरल रजिस्टर : नागरिकत्व कागदावर कसं ठरतं?



नागरिकशास्त्र शिकवताना आपण सोपं करून सांगतो, ‘जो ज्या देशात राहतो, तो तिथला नागरिक.’ मुलांना ते पटतंही. पण एखाद्या पालकाचा भाऊ किंवा मेहुणा परदेशात असेल आणि तिथे बाळ जन्मलं, की हे वाक्य अपुरं पडतं. जपानचं उदाहरण घेऊन बघू.

आपल्या जिल्ह्यात सुपा-पारनेर औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा भाग राखलेला आहे. समजा, तिथे कामाला आलेल्या जपानी जोडप्याला इथेच मूल झालं. जन्माचा दाखला आपल्याकडचाच मिळेल. पण त्या दाखल्याने बाळ भारतीय होत नाही, कारण आई-बाप दोघंही परदेशी. मग ते जपानी आहे हे कशावरून ठरणार? तर ‘कोसेकी’वरून.

कोसेकी म्हणजे जपानची कुटुंब नोंदवही. १८७२ पासून ती देशभर चालू आहे. नवरा-बायको आणि त्यांची अविवाहित मुलं एका नोंदीत; जन्म, लग्न, दत्तक, मृत्यू सगळं त्यातच. ही नोंद कुटुंबाच्या मूळ पत्त्याच्या नगरपालिकेत राहते, माणूस प्रत्यक्षात कुठेही राहत असो. त्यात फक्त जपानी नागरिकांचीच नोंद होते, म्हणून तिची नक्कल हाच नागरिकत्वाचा पुरावा. पासपोर्ट काढायचा तर हीच नक्कल लागते. परदेशात वाढलेल्या नातवाला आजोबांचं नातं दाखवायचं असेल, तर आधी आजोबांचा तो मूळ पत्ता शोधावा लागतो. पत्ता सापडला की पुढचं काम पत्राने मागणी करूनही होतं. घरातले सगळे गेले म्हणून बंद झालेली नोंदसुद्धा १५० वर्षं जपायची, असा आता तिथला नियम आहे.

सुप्यातल्या त्या जोडप्याने तीन महिन्यांच्या आत जपानी वकिलातीत जन्म कळवायचा. तिथून तो मूळ गावी जातो आणि कोसेकीत चढतो. इथे एक मोठी मेख आहे. समजा वडील जपानी आणि आई आपली मराठी. बाळ इथे जन्मलं तर आईमुळे ते जन्मानेच भारतीय, आणि वडिलांमुळे जपानीही. अशा वेळी त्या अर्जात ‘जपानी राष्ट्रीयत्व राखून ठेवतो’ असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. ते राहिलं आणि तीन महिने उलटले, तर बाळाचं जपानी नागरिकत्व जन्मापासूनच गेलं असं धरतात! पुढे अठरा वर्षांच्या आत जपानमध्ये राहायला गेलं, तर परत मिळवायची सोय आहे. पण तेवढ्यासाठी अख्खं घर हलवायचं का?

आता उलटं बघू. टोकियोच्या एदोगावा भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. पुण्यात राहिलेले, २०१२ मध्ये जपानी नागरिक झालेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथूनच नगरसेवक म्हणून निवडून आले, आणि पुढे एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. (आपल्या पेशातला माणूस, म्हणून मुद्दाम सांगितलं.) तिथे संगमनेरच्या किंवा राहुरीच्या जोडप्याला मूल झालं तर ते जपानी होत नाही, कारण तिथे जागा नाही, रक्ताचं नातं बघतात. चौदा दिवसांत तिथल्या कार्यालयात जन्म नोंदवायचा, पण तो कागद फक्त जन्माचा. भारतीय नागरिकत्वासाठी आपल्या नागरिकत्व कायद्याचं चौथं कलम लागतं : एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्म नोंदवायचा आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही हे लिहून द्यायचं. ३ डिसेंबर २००४ पासून हे सक्तीचं आहे. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. तोवर बाळ ना इकडचं, ना तिकडचं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ‘ओसीआय’ कार्डाला लोक तसं समजतात, पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीनही घेता येत नाही.

आपल्याकडे कोसेकीसारखी एकच वही नाही. जन्माचा दाखला, रेशनकार्ड, पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला असं तुकड्या-तुकड्यांनी नातं जुळवावं लागतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निघाल्यावर गावोगाव कोतवाल बुकं आणि शाळांची जुनी जनरल रजिस्टरं बाहेर निघाली. काही पानं मोडीत, काही वाळवीने खाल्लेली. त्यात निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून! गुरुजींनी वय अंदाजाने धरून दाखल करून घेतलेलं. गावात त्याने काही अडत नाही. पण वडिलांच्या पासपोर्टवर ‘दत्तात्रय’, त्यांच्या दाखल्यावर ‘दत्तू’ आणि मुलाच्या अर्जात ‘दत्ता’ असेल, तर ही तिन्ही नावं एकाच माणसाची हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. त्यात आता काही कागदांवर अहमदनगर, काहींवर अहिल्यानगर.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा धरला जातो. ही मुलं लवकरच पहिलीला येतील. त्यांचं नाव घरच्या हाकेवरून न लिहिता जन्मदाखल्यावरून अक्षर-अक्षर उतरवावं, इंग्रजी स्पेलिंगसह, आणि आईचं पूर्ण नावही बघून लिहावं. पालकांनो, तुमचा स्वतःचा शाळेचा दाखला लॅमिनेट करायच्या आधी त्याची झेरॉक्स काढून ठेवा. शिक्के आणि सह्या पुसट व्हायला लागल्या असतील, तर शाळेतून दुसरी प्रत आत्ताच मागून घ्या.