उठाव नसलेला माल : गेम कन्सोलच्या अपयशाची लक्षणे (लेखांक सहावा)

व्हिडिओ गेम कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून केवळ खेळ खेळण्यासाठी बनवलेला संगणक. फ्रिज किंवा मिक्सर घेताना ग्राहक हाती पडणाऱ्या वस्तूची किंमत मोजतो. कन्सोल घेताना मात्र तो पुढील पाच-सहा वर्षांत त्या यंत्रासाठी जे खेळ येतील त्यांच्या भरवशावर पैसे टाकत असतो, आणि या एका फरकामुळे कन्सोलचे अपयश इतर उपकरणांच्या अपयशापेक्षा निराळ्या वाटेने येते. मागील लेखांकात पाहिल्याप्रमाणे, उत्पादक कंपनी यंत्र बहुधा नाममात्र नफ्यावर, कित्येकदा पदरमोड करूनही विकते आणि ती खोट स्वतःच्या खेळांच्या विक्रीतून, तसेच बाहेरच्या कंपन्यांनी त्या यंत्रासाठी काढलेल्या प्रत्येक खेळामागे मिळणाऱ्या रॉयल्टीतून, म्हणजे स्वामित्वशुल्कातून, भरून काढते. साहजिकच उत्पादक, बाहेरचे खेळनिर्माते, दुकानदार आणि ग्राहक असे चौघे या व्यवहारात एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे असतात. एकाचा भरवसा डळमळला की दुसरा हात आखडता घेतो आणि त्याचा आखडलेला हात पाहून तिसरा. त्यामुळे या व्यापारात लक्षण आणि कारण ही अनेकदा एकच गोष्ट असते.

ही माघार कंपनीच्या तिमाही अहवालात उतरण्याच्या कितीतरी आधी नागपूरच्या सदरसारख्या बाजारपेठेत दिसू लागते. रेसिडेन्सी रोडवरील शोरूम असो की मंगळवारी बाजाराकडचे छोटे दुकान, परदेशी कन्सोल येथे आयातदार, वितरक आणि डीलर अशा पायऱ्या उतरून येतो आणि प्रत्येक पायरीवर कोणाचे ना कोणाचे भांडवल अडकलेले असते. महानगरातील मोठा विक्रेता न खपलेली दहा खोकी काही महिने सांभाळू शकतो. सदरमधील दुकानदाराची दोन खोकी पडून राहिली, तरी तेवढ्याच पैशांत भरता येणारे मोबाइल आणि स्पीकर त्याला दिसू लागतात, आणि तो पुढची ऑर्डर देत नाही. ‘या मालाला उठाव नाही’ हे त्याचे चार शब्द बाजाराच्या शास्त्रातील एक पूर्ण निदान आहे. ते शब्द उच्चारले जाण्यापूर्वीही काचेचे कपाट पुष्कळ काही सांगते : खोके दर्शनी खणातून वरच्या खणात सरकते, उन्हाने त्याच्या एका बाजूचा रंग विटतो, आणि त्याच्या शेजारी जे खेळ मांडलेले असतात ते मागच्या दिवाळीतलेच असतात. भारतात आणखी एक खूण खोक्यावरच सापडते. वेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार एमआरपी, म्हणजे कमाल किरकोळ किंमत, कमी केल्यास नव्या किमतीचे स्टिकर लावता येते, परंतु त्याने मूळ छापील किंमत झाकता येत नाही. त्यामुळे जुनी किंमत आणि तिच्या शेजारी चिकटवलेली उतरलेली किंमत अशा दोन्ही एकाच खोक्यावर वाचता येतात, आणि त्या दोहोंतील अंतर कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे बोलते.

दुकानाच्या या दृश्यापासून कंपनीच्या आकड्यांकडे वळताना एक भेद पक्का लक्षात ठेवावा लागतो. दुकानांकडे रवाना झालेला माल हा एक आकडा आणि ग्राहकाच्या घरी पोहोचलेला माल हा दुसरा. कंपन्या पुष्कळदा पहिल्यालाच विक्री म्हणतात. नवे यंत्र येते तेव्हा साखळीतील प्रत्येक पायरी भरली जात असल्याने पहिला आकडा नेहमीच भरघोस दिसतो. निन्टेन्डोचा ‘वी यू’ हे याचे बोधप्रद उदाहरण होय. नोव्हेंबर २०१२ मध्ये तो अमेरिकेत विक्रीस आला, डिसेंबरअखेर जगभर ३० लाखांहून अधिक यंत्रे गेली, आणि त्यानंतर एप्रिल ते जून २०१३ या संपूर्ण तिमाहीत जगभर मिळून केवळ १ लाख ६० हजार. दुकाने आधीच भरलेली होती, घरे भरलेली नव्हती, एवढाच याचा अर्थ. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये ब्रिटनमधील आस्डा या मोठ्या दुकानसाखळीने हे यंत्र ठेवणे थांबवले. सदरच्या दुकानदाराने जो हिशेब दोन खोक्यांवर केला असता, तोच तेथे शेकडो दालनांसाठी केला गेला. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने त्या आर्थिक वर्षाचा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणला आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन पाच महिन्यांसाठी निम्मे केले. आधीचा ‘वी’ १० कोटींहून अधिक खपला होता. ‘वी यू’ची गाडी १ कोटी ३५ लाखांच्या आसपास थांबली. नव्या यंत्राचे नाव आणि त्याचा पडदा असलेला कंट्रोलर यांमुळे ही जुन्या ‘वी’ची एखादी जोडवस्तू आहे, असा अनेक ग्राहकांचा समज झाला होता, आणि हा गैरसमज दूर करण्यात गेलेला वेळ कधीच भरून निघाला नाही.

किंमत उतरणे हे सर्वांत सहज दिसणारे लक्षण असल्याने त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त भार टाकला जातो. तापाचे औषध घेतले म्हणून रोगी दगावणार असे कोणी म्हणत नाही, तसेच येथेही आहे. निन्टेन्डोचाच हातात धरून खेळायचा ‘थ्रीडीएस’ फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये २५ हजार येनला आला, सहा महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, त्याची किंमत १५ हजार येनवर आणावी लागली, आणि ज्यांनी आधी पूर्ण किंमत मोजली होती त्यांना कंपनीने वीस जुने खेळ विनामूल्य दिले. त्या वेळी हे यंत्र बुडाले असे पुष्कळांनी धरले. अखेरीस ते साडेसात कोटींहून अधिक खपले. सेगाच्या ‘ड्रीमकास्ट’ची कथा याच्या उलट आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये १९९ डॉलरला अमेरिकेत आलेले हे यंत्र २००० मध्ये १४९ डॉलरवर उतरले, तरी ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाला त्याचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर करावे लागले. दोन्ही यंत्रे गुणांनी सरस होती आणि दोन्हींची किंमत उतरली; फरक पडला तो किंमत उतरल्यानंतर खेळनिर्माते काय करत होते यामुळे. थ्रीडीएससाठी खेळांची रांग लागली, तर ड्रीमकास्टच्या वाट्याला इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही त्या काळातील सर्वांत प्रबळ कंपनी कधी आलीच नाही, आणि सोनीच्या ‘प्लेस्टेशन २’ची चाहूल लागताच ग्राहकही थांबून राहिले.

बाहेरच्या खेळनिर्मात्यांची माघार हेच या सर्व लक्षणांतील निर्णायक लक्षण मानले पाहिजे. ही माघार क्वचितच जाहीर केली जाते; ती तारखांतून आणि तपशिलांतून ओळखावी लागते. एका यंत्रापुरता म्हणून घोषित झालेला खेळ अचानक सर्व यंत्रांसाठी येणार असे कळते, येऊ घातलेला खेळ पुढे ढकलला जातो, मालिकेतील नवा भाग इतर यंत्रांवर येतो आणि येथे येत नाही. ‘रेमन लेजेंड्स’ हा युबिसॉफ्टचा खेळ केवळ ‘वी यू’साठी फेब्रुवारी २०१३ च्या अखेरीस यायचा होता, तयार होत आलेला तो खेळ प्रकाशनाच्या काही आठवडे आधी सप्टेंबरपर्यंत लांबवण्यात आला आणि प्रतिस्पर्धी यंत्रांवरही आणण्याचे ठरले. ज्या प्रकाशकाचा खेळ तयार आहे तोच जर एका यंत्राच्या भरवशावर तो बाजारात आणायला धजत नसेल, तर अजून कागदावर असलेले खेळ त्या यंत्राकडे वळण्याची आशा उरत नाही. याखेरीज एक मूक लक्षण आहे : आकडे प्रसिद्ध होणे बंद होते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ‘एक्सबॉक्स वन’च्या विक्रीचे आकडे देणे थांबवून वापरकर्त्यांची संख्या सांगण्यास सुरुवात केली, आणि सोनीचे प्रतिस्पर्धी यंत्र दुपटीहून अधिक खपले होते, ही गोष्ट तिने २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकापुढील कागदपत्रांत मान्य केली.

भारतीय बाजारात ही लक्षणे वाचताना मात्र एक दुरुस्ती करावी लागते, कारण जगात यशस्वी ठरलेले यंत्रही येथे रुजत नाही, असे अनेकदा घडले आहे. १९९५ च्या सुमारास शॉ वॉलेस या कंपनीच्या माध्यमातून सेगाचा ‘मेगा ड्राइव्ह’ भारतात आला. आयात शुल्क ८० टक्क्यांच्या घरात असल्याने त्यातून वाट काढण्यासाठीच ही भागीदारी होती, तरीही यंत्राची किंमत १८ हजार रुपयांच्या आसपास राहिली. त्याच काळात नागपूरच्या घराघरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून जे यंत्र शिरले ते निन्टेन्डोच्या १९८३ मधील फॅमिकॉमची नक्कल होते : ‘लिटिल मास्टर’, ‘समुराई’ अशा नावांचे हलके प्लॅस्टिकचे डबे आणि शेकडो खेळांचा दावा करणारी, प्रत्यक्षात तेच दहा-पंधरा खेळ पुन्हापुन्हा दाखवणारी कॅसेट, जिच्या तळाशी फुंकर मारून ती पुन्हा खाचेत दाबली की खेळ सुरू होई अशी मुलांची ठाम समजूत होती. अशा बाजारात १८ हजारांचे यंत्र खपले नाही, याला त्या यंत्राचे अपयश म्हणणे अन्यायाचे ठरेल.

एक्सबॉक्सची भारतातील वाटचाल याहून गुंतागुंतीची आहे आणि म्हणूनच अधिक शिकवणारी. सप्टेंबर २००६ मध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’ येथे आला तो मोठ्या तयारीनिशी, अक्षय कुमार आणि युवराज सिंग यांना जाहिरातीत घेऊन. युवराजच्या नावाचा क्रिकेटचा खेळही काढण्यात आला. प्लेस्टेशन ३ येथे पोहोचण्यापूर्वीचे सहा-सात महिने त्याला मिळाले. पुढच्या पिढीत हे सगळे उलटले : अमेरिकेत नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेला ‘एक्सबॉक्स वन’ भारतात सप्टेंबर २०१४ मध्ये पोहोचला, तर प्लेस्टेशन ४ त्याच वर्षीच्या जानेवारीत येथे आला होता. या आठ महिन्यांत ज्याच्या मित्रांनी एक यंत्र घेतले त्याने तेच घेतले, कारण एकत्र खेळायचे तर यंत्रही एकच लागते, आणि खेळांच्या सीडी आपसांत फिरवायच्या तर तेच. उशिरा आलेल्या यंत्राला सदरच्या कपाटात जागा मिळण्याआधीच मोहल्ल्यातील मुलांचे गट ठरून गेले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘एक्सबॉक्स सिरीज एक्स’ भारतात जगाबरोबरच आला आणि प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ पर्यंत रखडला, तरी पूर्वीची घडी विस्कटली नाही. एकदा गेलेला भरवसा केवळ लवकर येण्याने परत मिळत नाही. यात करांचाही वाटा आहेच. २०१८ च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरील सीमाशुल्क १० वरून २० टक्के झाले, आणि जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो जानेवारी २०१९ पासून. ज्या ग्राहकाच्या खिशातील मोबाइलवर खेळ फुकट मिळतो, त्याच्यासमोर हे ओझे घेऊन कोणतेही यंत्र उभे करणे कठीणच.

वय झालेले यंत्र आणि फसलेले यंत्र यांतील भेदही भारतातच सर्वांत ठळक दिसतो. २००० मध्ये जपानमध्ये आलेले प्लेस्टेशन २ जगात कालबाह्य ठरत असताना येथे स्वस्त होऊन मध्यमवर्गीय घरांत शिरत होते, आणि त्याच्यासाठी भारतात खेळ बनू लागले ते २००९ च्या सुमारास : ‘देसी अड्डा’, ‘हनुमान : बॉय वॉरियर’, आणि मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. याच कंपनीने २०११ मध्ये ‘रा.वन’ या चित्रपटावरचा खेळ काढला तेव्हा तो प्लेस्टेशन ३ बरोबरच अकरा वर्षांच्या प्लेस्टेशन २ साठीही काढला, कारण जुन्या यंत्राचा ग्राहक अजून दुकानात येत होता. जानेवारी २०१३ मध्ये त्या यंत्राचे उत्पादन जगभर थांबल्याचे जाहीर झाले. ‘डॉन २’ या हिंदी चित्रपटावरचा त्याच्यासाठीचा खेळ भारतातील दुकानांत आला तो त्यानंतर, त्याच वर्षी.