खोडून खोडून फाटलेले पान

चौथीतली मुलगी शुद्धलेखनाची वही घेऊन बसते. एक अक्षर वाकडे आले की खोडते, पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते. शेवटी पान फाटते आणि तिचे डोळे भरून येतात. ‘मला काहीच नीट येत नाही!’ आई म्हणते, ‘अगं, किती हुशार आहेस तू!’ पण रडू थांबत नाही.

अशा मुलांना आपण कौतुकाने ‘टापटिपीची’ म्हणतो. पण नीटनेटकेपणाची आवड वेगळी आणि चुकीची धास्ती वेगळी. आवड असलेले मूल काम संपले की खूश होते. धास्तावलेले मूल फक्त ‘या वेळी सुटलो’ म्हणते. ते उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही, गृहपाठाला तासन् तास लावते किंवा सुरूच करत नाही. परीक्षेच्या सकाळी त्याचे पोट दुखते.

ही धास्ती वाढते आहे. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातील माहिती तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘इतरांना माझ्याकडून निर्दोष कामगिरीच हवी आहे’ ही भावना त्यात सर्वाधिक वाढलेली दिसली. आपल्याकडेही ९५ गुण मिळवलेल्या मुलाला ‘उरलेले पाच कुठे गेले?’ असे विचारले जातेच की!

मग ‘हुशार आहेस’ म्हणून का भागत नाही? क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवरील प्रयोग मांडले. बुद्धीची स्तुती झालेली मुले पुढच्या अवघड कोड्यांत अडली तेव्हा लवकर खचली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले अधिक चिकाटीने बसली. चूक झाली म्हणजे आपण हुशार नाही, असा अर्थ पहिल्या गटाने काढला.

‘मायेने वागलो तर मुले ढिली पडतील,’ ही पालकांची भीती. पुरावा उलटे सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१२ मध्ये विद्यार्थ्यांना शब्दांची कठीण चाचणी दिली. ‘ही अनेकांना अवघड जाते, स्वतःला फार बोल लावू नका,’ असे ज्यांना सांगितले, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला. चूक पाहण्याची भीती गेली की ती सुधारायला बळ उरते.

घरी आणि शाळेत काय करता येईल?

• ‘हेच तुझ्या मैत्रिणीचे झाले असते, तर तू तिला काय म्हणाली असतीस?’ असे विचारा. मग तेच वाक्य स्वतःला म्हणायला सांगा.

• कौतुक नेमके करा. ‘तीनदा अडलीस तरी चौथी रीत शोधलीस,’ हे ‘शाब्बास’पेक्षा जास्त पोहोचते.

• स्वतःची चूक मुलांसमोर सहज बोलून दाखवा. ‘आज भाजीत मीठ जास्त झाले, उद्या चव घेऊन घालते.’

• गृहपाठाला वेळ ठरवा. वेळ संपली की जसे झाले तसे वही बंद.

• शिक्षकांनी चुकलेले उत्तर नाव न घेता फळ्यावर घ्यावे आणि त्यातला विचार कुठपर्यंत बरोबर होता, ते वर्गाला शोधू द्यावे.

झोप उडाली, जेवण तुटले, मूल शाळेत जायला नकार देऊ लागले किंवा स्वतःला इजा करण्याविषयी बोलले, तर वाट पाहू नका. समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञांना भेटा. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन विनामूल्य आणि चोवीस तास आहे.

आणि त्या फाटलेल्या पानाचे काय? नवी वही आणू नका. मागून चिकटपट्टी लावा आणि पुढची ओळ लिहायला सांगा.