शिवणयंत्राचा दोरा कसा निवडावा

घरच्या शिवणकामात सर्वांत कमी खर्च येतो तो दोऱ्याला. कापडासाठी चार दुकाने पालथी घातली जातात, पोत आणि रंग निरखला जातो, भावाची घासाघीस होते. दोरा मात्र जाता जाता घेतला जातो. रंग जुळला म्हणजे झाले. परंतु कपड्याचे आयुष्य पुष्कळदा याच रिळावर ठरते. जूनच्या सुमारास घरोघरी मुलांचे गणवेश शिवले जातात. पहिल्याच धुण्यात शिवण चुण्या धरून बसली, किंवा खेळताना बगलेत उसवली, तर दोष येतो शिवणारीच्या हाताला. चार शेजारणींचे कपडे शिवून घराला हातभार लावणाऱ्या बाईची तर मजुरी आणि लौकिक दोन्ही त्या एका धाग्यावर टांगलेली असतात.

बेळगाव आणि निपाणीच्या परिसराला सूत काही परके नाही. घटप्रभेच्या पाण्याच्या बळावर गोकाकच्या धबधब्याजवळ सूतगिरणी उभी राहिली ती १८८० च्या दशकात. शहापूर आणि वडगाव येथील मागांवरची लुगडी नावाजलेली. निपाणीपासून जवळच असलेल्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला, आणि तेथील कापड या भागाच्या बाजारपेठांत सर्रास आले. निपाणीतील विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या हाताशी तर दोरा रोजचाच. पण कापड विणण्याचे सूत वेगळे, विडी बांधण्याचा दोरा वेगळा आणि शिवणयंत्राचा दोरा वेगळा. विडीच्या दोऱ्याने एक गाठ धरून ठेवली की त्याचे काम संपले. शिवणयंत्रातल्या दोऱ्याचे काम मात्र टाका पडण्यापूर्वीच सुरू होते.

ते कसे, हे यंत्राची रचना पाहिली म्हणजे कळते. एलियस हॉवे या अमेरिकन कारागिराने १८४६ साली दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांचे यंत्र आले. वरचा दोरा सुईतून खाली जातो, बॉबिनला वळसा घालतो, खालच्या दोऱ्यात अडकतो आणि पुन्हा वर ओढला जातो. टाक्यासाठी लागतो दोन-तीन मिलिमीटर दोरा; पण वळसा घालण्यासाठी खाली ओढला जातो त्याच्या कितीतरी पट. म्हणून दोऱ्याचा प्रत्येक भाग कापडात बसण्याआधी सुईच्या त्याच भोकातून तीस-चाळीस वेळा तरी मागेपुढे घासला जातो. हातशिलाईत चालणारा दोरा यंत्रात का तुटतो, याचे उत्तर या घर्षणात आहे.

हे घर्षण सोसण्यासाठी दोऱ्याला योग्य पीळ हवा. चांगला दोरा बहुधा तीन पदरांचा असतो. तो दोन पदरी दोऱ्यापेक्षा अधिक गोल आणि एकसारखा होतो. यंत्राच्या दोऱ्याचा शेवटचा पीळ डावा असतो. दोरा उजेडात उभा धरावा. पिळाच्या रेघा वरच्या उजव्या बाजूकडून खालच्या डाव्या बाजूकडे उतरत असतील, म्हणजे इंग्रजी झेड अक्षराच्या मधल्या रेघेसारख्या दिसत असतील, तर तो दोरा यंत्रासाठी योग्य. उलट्या पिळाचा दोरा यंत्राच्या हालचालीने उलगडत जातो, फिसकटतो आणि तुटतो. भरतकामाचा सैल पिळाचा दोरा किंवा खळ देऊन चकचकीत केलेला हातशिलाईचा दोराही यंत्रात घालू नये. त्याची खळ ताणाच्या चकत्यांमध्ये आणि सुईच्या भोकात साचते.

आता आकड्यांचा प्रश्न. रिळावर ४०, ५०, ६० असे आकडे असतात आणि येथेच घोटाळा होतो. सुती धाग्याचा मूळ हिशोब असा: एका पौंड वजनात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्या धाग्याचा क्रमांक. धागा बारीक तर लडी अधिक. म्हणून आकडा मोठा तर दोरा बारीक. सुईचे गणित नेमके उलटे. ११ नंबरची सुई बारीक, १४ ची मध्यम, १६ ची जाड, १८ ची त्याहून जाड. सुईवर हेच माप कधी ७५, ९०, १००, ११० असेही लिहिलेले असते. ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात आहे. थोडक्यात, दोऱ्याचा आकडा चढेल तसा सुईचा उतरावा.

यावरून जोड्या जमविता येतात. व्हॉइल किंवा मलमलीच्या पोलक्याला ६० नंबरचा सुती दोरा आणि ११ ची सुई. पॉपलिनचे सदरे, परकर, झंपर यांना ५० चा दोरा आणि १४ ची सुई. खाकी ड्रिलची पँट असेल तर ४० चा दोरा आणि १६ ची सुई. आज बाजारात अधिक दिसतो तो पॉलिएस्टरचा दोरा. त्याची मोजणी वेगळी असते. घरगुती कामाच्या रिळावर बहुधा १२० हा आकडा असतो. तेथेही मोठा आकडा म्हणजे बारीक दोरा हे खरे. पण सुती दोऱ्याचा ४० आणि पॉलिएस्टरचा ४० एक नव्हेत. पॉलिएस्टरचा ४० पुष्कळच जाड असतो.

जोडी जमली की नाही हे पाहण्यास एक सोपी कसोटी आहे. सुई यंत्रातून काढून तिच्यात हातभर दोरा ओवावा. दोऱ्याची दोन टोके ताणून धरावीत आणि एक टोक उंच करावे. सुई आपल्याच वजनाने सरकत खाली आली तर भोक आणि दोरा यांचे जमले. ती मध्येच अडली तर सुई एक नंबर मोठी घ्यावी.

सुती की पॉलिएस्टर, हा प्रश्न आता पुष्कळ घरांत पडतो. शिवणकामात पूर्वी तागाच्या किंवा रेशमाच्या धाग्यांना मान होता. १८०६ पासून नेपोलियनने इंग्लंडच्या व्यापाराची कोंडी केली, रेशीम दुर्मीळ झाले आणि स्कॉटलंडमधील पेझ्ली गावच्या क्लार्क घराण्याने रेशमासारखा गुळगुळीत सुती दोरा काढला. पुढे जॉन मर्सर यांनी सुतावर दाहक सोड्याची प्रक्रिया शोधून १८५० साली तिचे पेटंट घेतले; होरेस लो यांनी १८९० मध्ये ती प्रक्रिया सूत ताणून केली, तेव्हा त्याला चकाकीही आली. मर्सराइज्ड दोरा तो हाच. सुती दोरा कडक इस्त्री सोसतो आणि सुती कापडाशी एकजीव होतो. पण तो धुण्यात थोडा आटतो आणि ओलसर जागी त्याला बुरशी धरते. पॉलिएस्टर आटत नाही, कुजत नाही, ओढीला बळकट असतो आणि थोडा ताणही घेतो. म्हणून टेरिकॉट, कृत्रिम धाग्याचे कापड आणि रोज धुतले जाणारे गणवेश यांना तो उपयोगी.

मात्र बळकट दोरा म्हणजे चांगला दोरा, असे समजू नये. शिवण कापडापेक्षा थोडी दुबळीच असावी. ओढ बसली आणि दोरा तुटला तर पाच मिनिटांत पुन्हा टीप घालता येते; दोरा टिकला आणि कापड फाटले तर उपाय नाही. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवताना किंवा खणाची चोळी शिवताना हे विशेष ध्यानी ठेवावे. जाड पॉलिएस्टरचा टाका अशा जीर्ण वा नाजूक कापडाला करवतीसारखा कापीत जातो. तेथे बारीक सुती किंवा रेशमी दोराच हवा.

दोरा घेताना दुकानातच त्याची परीक्षा करावी. खडेबाजारात मराठीतून 'दोरा' मागितला आणि दुकानदाराने कानडीत 'दार' म्हणून रीळ पुढे केले, तरी वस्तू एकच आणि कसोटीही एकच. हातभर दोरा उलगडून उजेडात धरावा. गाठी, फुगवटे किंवा लव दिसली तर तो परत करावा. दोन्ही हातांत धरून झटका द्यावा. सुती दोरा सहज तुटला तर तो जुना, उन्हात किंवा ओलीत पडलेला समजावा. रंग पाहताना रीळ कापडावर ठेवू नये. एक पदर सोडून कापडावर आडवा टाकावा. रिळावर दोरा गडद दिसतो, एकटा पदर फिका. नेमका रंग नसेल तर किंचित गडद रंग घ्यावा.

घरी आल्यावर वर आणि बॉबिनमध्ये एकच दोरा घालावा. चिंधीवर टीप घालून पाहावी. खालच्या बाजूला दोऱ्याचे वेढे दिसले तर वरचा ताण सैल आहे. खालचा दोरा वर ओढून आला तर वरचा ताण जास्त आहे. दोरा अधिक बदलावा लागत असेल तर ताणही बदलावा. सुती कापड शिवण्यापूर्वी भिजवून वाळवावे, म्हणजे पुढे कापड एकीकडे आणि शिवण दुसरीकडे आटणार नाही. बेळगावकडचा पावसाळा दमट. चार महिने रिळे झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

इतके करण्यास लागतो फार तर घटकाभर वेळ. मुलाच्या सदऱ्याची बगल वर्षभर न उसवता टिकली, तर तो घटकाभर वेळ सार्थकी लागला म्हणावयाचा.