खुर्ची आली, शाळा राहिली

सहरी संपत आली की घरातल्या सगळ्यांची नजर घड्याळावर आणि कान मशिदीकडे लागतात. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या काळात मदिनेत पहाटे दोन अजान होत. पहिली हजरत बिलाल (रजि.) देत. ती झाली तरी खाणेपिणे चालू ठेवता येई. दुसरी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) देत आणि तिथून रोजा सुरू होई. हे दुसरे मुअज्जिन दृष्टिहीन होते. पहाट झाल्याचे लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत.

ज्यांना उजाडलेले दिसत नव्हते, त्यांच्या आवाजावर अख्खे मदिना शहर रोजा धरत होते. मात्र त्यासाठी कुणीतरी रोज पहाटे त्यांना वेळ सांगत होते. एकदा सांगून भागणारे ते काम नव्हते.

पवित्र कुरआनातील ‘अबस’ ही सूरह याच सहाबींच्या निमित्ताने अवतरली. पैगंबर (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना ते काही शिकण्याच्या ओढीने तिथे आले. त्या क्षणी त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही, म्हणून अल्लाहने आपल्या लाडक्या पैगंबरांनाही समज दिली. शिकायला आलेला दिव्यांग माणूस प्रतिष्ठितांच्या बैठकीपेक्षा महत्त्वाचा, ही शिकवण त्यातून मिळते.

हे सारे मला माहीत होते, वर्गात आणि व्यासपीठावर मी ते सांगतही आलो. तरीही गेल्या रमजानमध्ये जळोचीत आमच्याकडून एक चूक झाली.

इथल्या एका घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे. जन्मापासून त्याचे पाय त्याला साथ देत नाहीत. बोलतो छान, पाढे तोंडपाठ आहेत. वडील रोजंदारीवर जातात. लहान होता तोवर आई त्याला कडेवर घेऊन शाळेत सोडायची. आम्ही चार-पाच जणांनी पैसे जमवले, चाकाची खुर्ची आणली, इफ्तारच्या आधी दिली, फोटोही काढला. सवाब मिळाल्याच्या समाधानात ईद गेली.

काही महिन्यांनी त्या घरी गेलो तेव्हा खुर्ची भिंतीला टेकवलेली होती आणि तिच्यावर धुतलेले कपडे घडी करून ठेवले होते. मी विचारायच्या आधीच त्याची आई म्हणाली, “खुर्ची आली सर, पण शाळेत जायला अजून माझी कंबरच लागते. आता हा जड झालाय. आठवड्यातनं दोन दिवस नेते.” दारापुढची गल्ली खडबडीत, शाळेच्या दाराशी पायऱ्या, आणि मधल्या वेळेत त्याला स्वच्छतागृहात कोण नेणार, हाही प्रश्न. आम्ही खुर्ची दिली, पण ती शाळेपर्यंत जाईल कशी, हे कुणीच विचारले नव्हते.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना सुचला होता. उमय्या खलिफा पहिला वलीद (इ.स. 705 ते 715) याने प्रत्येक अंध व्यक्तीला वाटाड्या आणि प्रत्येक पंगू व्यक्तीला सेवक नेमून दिला, अशी नोंद इतिहासकार तबरी यांनी केली आहे. वस्तू देऊन न थांबता त्याने सोबतीला माणूस दिला.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांसाठी प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्त्याची तरतूद आहे. दिव्यांग मुलींना दरमहा 200 रुपये प्रोत्साहन भत्ता मिळतो. खुर्ची, कॅलिपर यांसारखी साधने कानपूरच्या ‘अलिम्को’ या 1972 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीमार्फत शिबिरांतून गरजूंना मोफत दिली जातात. म्हणजे जी वस्तू आम्ही मोठ्या अभिमानाने विकत आणली, ती बहुधा सरकारकडूनही मिळाली असती. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र लागते. ते काढायला रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात आणि प्रत्येक खेपेला वडिलांची रोजंदारी बुडते. मदत खरी तिथे हवी होती.

महाराष्ट्रात हे ज्यांनी स्वतःच्या आयुष्यातून ओळखले त्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. ऐन उमेदीच्या वयात त्यांच्या कमरेखालचे शरीर निकामी झाले. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकाला परिचित आहे. 1984 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. समाजाच्या देणग्यांतून तिथे दिव्यांग मुलांसाठी ‘घरौंदा’ हे वसतिगृह झाले आणि ‘समर्थ विद्यामंदिर’ ही शाळाही झाली. राहण्याची सोय आणि शाळा एकत्र विचारात घेतली की रोजच्या वाटेचा प्रश्न निम्मा सुटतो. नसीमादीदींच्या कामातून मी एवढे शिकलो की मूल शाळेत पोहोचेपर्यंत दान पूर्ण झालेले नसते.

मग जकातीतून हे कसे साधावे? निसाबाइतकी, म्हणजे साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी बचत ज्याच्याकडे वर्षभर आहे, त्याने अडीच टक्के जकात द्यायची. कुरआनच्या सूरह तौबामध्ये तिचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत गरीब आणि गरजू पहिले. एक लाखाच्या बचतीवर अडीच हजार रुपये होतात. अशी दहा घरे एकत्र आली तर 25 हजार. शाळेचे वर्ष दहा महिन्यांचे धरले तर दरमहा अडीच हजार. एका मुलाच्या रिक्षाला आणि सोबत जाणाऱ्या बाईच्या मेहनतान्याला त्याचा मोठा आधार होईल. हीच रक्कम शंभर-शंभरच्या नोटांनी दारोदार वाटली तर संध्याकाळपर्यंत संपते.

हनफी फिकहनुसार जकात हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते. त्यामुळे शाळेचा उतार किंवा स्वच्छतागृहातला कठडा जकातीतून बांधता येत नाही. तो सदका आणि इमदादीतून करावा. त्या उतारावरून कोणत्याही धर्माचे मूल जाईल आणि सदक्याला धर्माची अटही नाही. जकातीची रक्कम मात्र मुलाच्या आईच्या हाती द्यावी. रिक्षा कोणती, सोबत कोण, हे तिने ठरवावे. ही जकात आहे असे बोलून दाखवण्याचीही गरज नसते. मग फोटोची काय गरज?

जकात रमजानमध्येच संपवली पाहिजे असेही नाही. ती आगाऊ आणि हप्त्यांनी देता येते. रमजानमध्ये नियत करावी आणि जूनमध्ये शाळेची घंटा वाजली की दर महिन्याला हप्ता पोहोचता करावा.

यंदा आम्ही तेच ठरवले आहे. आमच्यातला एक जण वडिलांबरोबर प्रमाणपत्राच्या खेपा घालतो आहे. एक जण भत्त्यांच्या अर्जासाठी गटसाधन केंद्रात जाऊन आला. उताराबद्दल शाळेशी बोलणे सुरू आहे. तो अजून झालेला नाही. सोबतीला शेजारच्या एक काकू तयार झाल्या आहेत. त्या मुलाला ‘चल रे, उशीर होतोय’ अशी हाक मारायची तालीम आत्तापासूनच करतात आणि तो हसून दप्तर मांडीवर घेतो.

अल्लाह आमचे रोजे कबूल करो. पण येत्या जूनमध्ये, आणि त्यानंतर रोज सकाळी, त्या खुर्चीवर कपड्यांची घडी नसावी, एवढी दुआ वाचकांनीही आमच्यासोबत करावी.